आधी उंची, मग खोली: पेरूच्या डोंगर-जंगल प्रवासातल्या मुक्कामांचं एक प्रकरण

प्रवासी चार. मावशी, वय ६८, रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं चालू, गुडघे जिन्यावर कुरकुरणारे, पण सपाटीवर तासभर आरामात चालणारी. तिची मुलगी, म्हणजे आमची ताई. भाऊजी. आणि त्यांचा ११ वर्षांचा मुलगा, ज्याला पेरूत फक्त मकाव पोपट बघायचे होते. काळ मे महिन्याचा उत्तरार्ध. मार्ग लिमा, कुस्को, माचू पिचू आणि शेवटी अमेझॉनच्या खोऱ्यातलं तांबोपाताचं जंगल.

भाऊजींनी राहण्याच्या जागांची यादी स्वतः केली होती आणि मेहनतीने केली होती. विमानाने थेट कुस्को, तिथे सान ब्लास या जुन्या वस्तीत वरच्या मजल्यावरचं गच्चीचं घर. गच्चीतून लाल कौलांचं अख्खं शहर दिसतं, पाहुण्यांचे अभिप्राय उत्तम. तिथून माचू पिचूला एक फेरी. मग जंगलात नदीने खूप आत गेलेला, तीन भिंती असलेला आणि चौथी बाजू झाडांकडे उघडी ठेवलेला लॉज. प्रत्येक जागा एकेकटी पाहिली तर सुंदर होती. यादी माझ्याकडे आली ती नुसती नजर टाकायला. पण मावशीला कुठे आणि कोणत्या क्रमाने झोपवायचं, हा प्रश्न त्या यादीत कुठेच नव्हता. मला तोच सगळ्यात मोठा वाटला.

पहिली रात्र कुठे

कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, म्हणजे दर श्वासात प्राणवायूही तेवढाच. लिमा समुद्रकाठी. विमान सव्वा-दीड तासात माणसाला तिथून उचलून इथे आणून ठेवतं, शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. उंचीचा त्रास बहुतेकांना उतरल्या उतरल्या होत नाही. तो सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणजे नेमका पहिल्या रात्री. झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला प्राणवायू आणखी उतरतो, आणि पहाटे डोकं ठणकायला लागतं. म्हणून डोंगरातले डॉक्टर दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात, हे आधी विचारतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा त्यांचा सर्वसाधारण दंडक आहे.

डायमॉक्स नावाची गोळी यावर देतात. मावशीच्या डॉक्टरांनी ती टाळायचं ठरवलं, कारण तिच्या रक्तदाबाच्या औषधातच लघवी वाढवणारा घटक होता आणि दोन्ही एकत्र नकोत, असं त्यांचं मत पडलं. हा निर्णय त्यांचा आणि तिच्यापुरता. दुसऱ्या कुणाला वेगळा सल्ला मिळू शकतो. पण त्यामुळे आमच्या हातात मुख्य उपाय एकच उरला: मुक्कामाची उंची.

सुदैवाने कुस्कोच्या उशालाच उरुबांबा नदीची दरी आहे. लोक तिला पवित्र दरी म्हणतात. दरीत पिसाक साधारण २,९७० मीटरवर, उरुबांबा गाव २,८७० वर आणि ओयांताईतांबो २,८०० च्या आसपास. म्हणजे विमानतळावरून शहरात न शिरता गाडीने दीड-दोन तास खाली उतरलं की पहिली रात्र कुस्कोपेक्षा पाचेकशे मीटर खाली पडते. भाऊजींची शंका अशी की रस्ता चिंचेरोवरून जातो आणि ते ३,७०० मीटरच्याही वर आहे. मग खाली जायच्या नावाखाली आपण आणखी वरच चढतो की! बरोबर आहे, पण तिथून गाडी अर्ध्या तासात निघून जाते. त्रास तिथे रात्र काढण्याने होतो.

दरीतही गाव निवडायचं होतंच. ओयांताईतांबो मला स्वतःला फार आवडतं. इंकांनी आखलेल्या गल्ल्या अजून वापरात आहेत, गल्लीच्या कडेने दगडी पाटातून पाणी खळाळतं, आणि माचू पिचूची आगगाडी इथूनच सुटते. पण त्याच गल्ल्या अरुंद आणि गोट्यांच्या, गाडी बऱ्याच घरांच्या दारापर्यंत पोचत नाही आणि जुन्या घरांचे जिने उभे. उरुबांबा गाव दिसायला साधं आहे, पण तिथली हॉटेलं पसरट, बागेतली, बैठ्या खोल्यांची. गाडी थेट दाराशी. स्टेशनला जायला अर्ध्या तासाची टॅक्सी लागते, एवढाच तोटा. मावशीसाठी उरुबांबा ठरलं, तळमजल्याची खोली, सलग तीन रात्री.

माचू पिचू आणि मग कुस्को

माचू पिचूचे अवशेष २,४३० मीटरवर, आणि त्यांच्या पायथ्याचं गाव, ज्याला बरेचजण अजूनही आग्वास कालिएन्तेस म्हणतात, २,०४० मीटरवर. एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ असतात. तसं केलं तर पहाटेची गाडी, बस, दोन-तीन तासांची दगडी चढउतार, पुन्हा बस, पुन्हा गाडी. भाऊजींच्या यादीत तेच होतं. आम्ही तिथे एक रात्र घातली. हॉटेल महाग आणि दराच्या मानाने सुमार, हे त्या गावात जवळजवळ गृहीत धरावं लागतं, कारण जागा चिंचोळी आणि माणसं अफाट. तरी ती रात्र पैसे वसूल करते: सकाळी ताज्या पायांनी वर जाता येतं.

आणि कुस्को शेवटी. दरीत तीन रात्री आणि खाली एक रात्र झाल्यावर शरीर बरंच तयार झालेलं असतं. आता प्रश्न शहरात कुठे. सान ब्लासचं गच्चीचं घर मी पुन्हा उघडून पाहिलं. फोटोंमध्ये गच्ची होती, न्याहारी होती, खिडकीतलं फुलझाड होतं. रस्त्यापासून दारापर्यंतचा एकही फोटो नव्हता. अभिप्राय वाचत गेलो तर तरुण जोडप्यांनी कौतुकाने लिहिलेलं सापडलं, की पायऱ्या चढताना दम लागतो पण दृश्य बघून सगळं विसरायला होतं. मला हवी ती माहिती या एका वाक्यात मिळाली. सान ब्लास चढावर आहे, कित्येक गल्ल्यांमध्ये पायऱ्याच आहेत, टॅक्सी खालीच सोडते. तीस वर्षांच्या माणसाला जो दम म्हणजे गंमत, तोच दम ६८ वर्षांच्या बाईला दिवसातून चार वेळा लागला तर ती दुपारनंतर बाहेर पडायचंच टाळेल. कोरिकांचा या जुन्या सूर्यमंदिराच्या बाजूचा, आवेनिदा एल सोल या मोठ्या रस्त्यालगतचा भाग त्या मानाने सपाट आहे. दृश्य नाही, पण गाडी दारात येते. तिथे शोधायचं ठरलं.

हॉटेलला काय विचारायचं

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचं फसतं ते इथे.

मे-जूनमध्ये कुस्कोची रात्र शून्याच्या जवळ जाते. घरांच्या भिंती जाड, पण सगळं घर उबदार ठेवणारी यंत्रणा फक्त महाग हॉटेलांत. ताईने चार ठिकाणी लिहिलं, ‘खोलीत हीटर आहे का?’ चारही ठिकाणांहून उत्तर आलं, ‘हो.’ मग आम्ही प्रश्न मोडून विचारले. हीटर खोलीत कायम असतो की मागितल्यावर मिळतो? एका खोलीला किती? रात्रभर चालू ठेवायला हरकत आहे का? वेगळे पैसे? विजेचा की गॅसचा? तेव्हा चित्र बदललं. एका ठिकाणी अख्ख्या मजल्याला दोन हीटर होते आणि जो आधी मागेल त्याला. दुसऱ्या ठिकाणी तो रात्री दहाला बंद करावा लागे.

गॅसचा मुद्दा मात्र उबेपुरता नाही. छोट्या पाहुणघरांत आंघोळीचं पाणी गॅसच्या गिझरवर तापतं. तो गिझर बाहेरच्या भिंतीला असेल तर ठीक. बंद न्हाणीघरात असेल आणि धूर जायला नीट वाट नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्यात डोकेदुखी, मळमळ आणि थकवा ही त्याची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असल्यामुळे माणूस ‘उंचीनेच होतंय’ म्हणून दार लावून पडून राहतो. एका ठिकाणाहून उत्तर आलं, की गिझर न्हाणीघरातच आहे पण खिडकी उघडता येते. ती जागा तिथल्या तिथे बाद. यावर भाऊजींशी माझा वाद झाला. त्यांना ती जागा सर्वात स्वस्त आणि मोक्याची वाटत होती. मी हटलो नाही. थंडीच्या रात्री खिडकी उघडी ठेवून कुणी आंघोळ करत नाही.

प्राणवायूचंही तसंच. ‘आमच्याकडे ऑक्सिजन आहे’ याचा अर्थ स्वागतकक्षात भरलेलं नळकांडं आणि ते लावता येणारा माणूस असा असू शकतो, किंवा फोन केला की बाहेरून कुणीतरी घेऊन येईल असाही. आणि रात्री फाटकाला कुलूप लावून सगळे झोपतात की कुणी जागं असतं? ज्या हॉटेलने या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, रात्री कोण असतं आणि डॉक्टर किती वेळात पोचतो ते लिहिलं, तेच आम्ही घेतलं.

पैशाबद्दल एक गोष्ट. पेरूत परदेशी पर्यटकाला हॉटेलच्या मुक्कामावर १८ टक्के आयजीव्ही कर माफ असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि देशात प्रवेश केल्याची नोंद दाखवावी लागते, आणि मुक्काम ६० दिवसांच्या आतला लागतो. काही ठिकाणी दर कर धरून लिहिलेले असतात, काही ठिकाणी सोडून. भाऊजींच्या तक्त्यात ते शेजारी शेजारी बसल्यामुळे दोन हॉटेलांमधला जो फरक मोठा दिसत होता तो बराचसा कराचा निघाला.

जंगल

पुएर्तो माल्दोनादो हे माद्रे दे दिओस प्रांताचं मुख्य गाव, उंची जेमतेम २०० मीटर. कुस्कोहून विमानाने तासभरही लागत नाही, रस्त्याने मात्र बसचा दहाएक तासांचा प्रवास. जंगलातल्या लॉजचा दर बघून लोक दचकतात, कारण ते तो शहरातल्या खोलीच्या भाड्याशी ताडून पाहतात. लॉजच्या दरात बोट, वाटाड्या, तिन्ही वेळचं जेवण आणि विमानतळावरून नेणं-आणणं असतं. तिथे दुसरं दुकान नाही, खानावळ नाही. म्हणून मावशीच्या शाकाहाराचं आधीच लिहून कळवलं, आणि नुसतं ‘शाकाहारी’ असं न लिहिता सूपही मांसाच्या पाण्यातलं नको, हे स्पष्ट केलं.

पण त्याच्याही आधी यलो फीवरची लस. माद्रे दे दिओसला जाणाऱ्यांना ती सुचवली जाते, आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेताना तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. मावशीसाठी जंगल गाळावं का, यावर घरात बरीच चर्चा झाली. पण पेरूचं नाव भारताच्या यलो फीवर देशांच्या यादीत आहे. तिथून परतणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, मग तो जंगलात गेलेला असो वा नसो. म्हणजे जंगल गाळून प्रश्न सुटत नव्हता. लसीकरण केंद्रातल्या डॉक्टरांनी तिचा सगळा इतिहास तपासला आणि लस द्यायला हरकत नाही म्हणाले. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर चालतं, त्यामुळे हे काम बुकिंगच्या आधी उरकलं. डॉक्टर नाही म्हणाले असते तर सगळा बेतच नव्याने मांडावा लागला असता.

आता लॉज. पर्याय तीन उरले.

पहिला भाऊजींचा, तांबोपाता नदीने कित्येक तास वर, राखीव क्षेत्राच्या आत. मोठे मकाव पोपट जिथे मातीच्या कड्यावर झुंडीने उतरतात ते कडे त्या बाजूला आहेत. भाच्याचं मत अर्थातच त्या बाजूने. पण रात्री काही झालं तर? अंधारात, ओंडके वाहत असलेल्या नदीतून कित्येक तास बोट. मी लॉजला विचारलं, रात्री आजारी माणसाला खाली आणायची वेळ आली तर काय करता? उत्तर प्रामाणिक होतं: शक्यतो उजाडेपर्यंत थांबतो. धडधाकट माणसाने हा धोका खुशाल पत्करावा. मावशीला घेऊन नाही.

दुसरा पोसादा आमासोनास. इन्फिएर्नो इथल्या एसे एहा लोकांच्या गावाने १९९६ साली एका प्रवासी कंपनीशी करार करून तो उभा केला. नफ्यात गावाचा मोठा वाटा, कामालाही गावचीच माणसं. बोटीने पाऊण तास आणि थोडं चालणं. जंगलात राहायला जाताना पैसा जंगल राखणाऱ्यांच्या हातात पडावा, असं मला मनापासून वाटतं, म्हणून माझं मन याच्याकडे ओढत होतं. अडचण खोलीची. चौथी बाजू उघडी, पलंगावर मच्छरदाणी. या भागात लेशमनियासिस आहे: कातडीवर लवकर न भरणाऱ्या जखमा होतात, लस नाही, उपचार लांबलचक. तो पसरवणारी सँडफ्लाय डासाच्या मानाने बरीच लहान असते आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येऊ शकते. ती चावते संध्याकाळ ते पहाट, म्हणजे आपण खोलीत असतो त्याच वेळी. औषध लावलेली बारीक जाळीची मच्छरदाणी वापरून, लांब बाह्यांचे कपडे घालून तरुण माणसं तिथे आनंदाने राहतात. रात्री दोनदा उठून न्हाणीघरात जाणाऱ्या मावशीला ते जमणारं नव्हतं. प्रत्येक वेळी मच्छरदाणी काढा, खोचा, पुन्हा काढा.

तिसरा पर्याय माद्रे दे दिओस नदीवर, गावापासून बोटीने तासाच्या आत. सुट्या लाकडी कुटी, चारी बाजूंना आणि छतालाही बारीक जाळी, शिवाय पलंगावर मच्छरदाणी. जवळच सांदोवाल तळं, ते तांबोपाता राखीव क्षेत्रातच येतं. तिथे राक्षसी पाणमांजरं आहेत. मोठ्या मकावांचा कडा मात्र नाही.

तिसऱ्याला होकार देण्याआधी ताईने एक व्हिडिओ मागवला: बोटीतून उतरल्यापासून कुटीच्या दारापर्यंत फोन हातात धरून चाला आणि तो पाठवा. लॉजच्या माणसाने दुसऱ्याच दिवशी पाठवला. नदीच्या काठावर उभा लाकडी जिना, कठडा एकाच बाजूला, पायऱ्यांवर चिखलाचे पाय. कोरड्या मोसमात नदीचं पाणी उतरतं आणि काठ तेवढाच उंच होतो, म्हणजे पावसाळ्यातल्या फोटोत दिसणाऱ्या चार पायऱ्या मे-जूनमध्ये कितीतरी जास्त असतात. व्हिडिओतला माणूस वर पोचला तेव्हा त्याचाही श्वास ऐकू येत होता. मावशीने तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, ‘हळूहळू चढेन. रोज चार वेळा नाही चढणार, एवढं बघा.’ मग दिवसाचा कार्यक्रम असा लावून घेतला की बोटीची फेरी दिवसातून एकच.

झालं काय

उरुबांबात पहिल्या रात्री मावशी ठीक होती. डोकं भाऊजींचं दुखलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेही उतरलं. कुस्कोत तिने रोज दुपारी विश्रांती घेतली आणि रोज संध्याकाळी चौकापर्यंत पायी गेली. हॉटेल दिसायला सामान्य, हीटर रात्रभर चालू.

जंगलात दुसऱ्या रात्री फ्रियाहे आलं. दक्षिणेकडून थंड हवेचा लोट येतो आणि तिसाच्या वरचा पारा काही तासांत दहा-बाराच्या घरात उतरतो. मे ते ऑगस्ट या काळात असं अधूनमधून होतं. जाळीच्या भिंती किड्यांना अडवतात, वाऱ्याला नाही. बरेच लोक डोंगरातले गरम कपडे पुएर्तो माल्दोनादोच्या कार्यालयात ठेवून हलक्या सामानाने जंगलात जातात. यांनी प्रत्येकी एक लोकरी जोड बरोबर ठेवला होता, आणि ब्लँकेटं किती मिळतात ते ताईने आधीच विचारून घेतलं होतं. चौथी बाजू उघडी असती तर ती रात्र मावशीला जड गेली असती, असं भाऊजीच फोनवर म्हणाले.

भाच्याला मोठे मकाव झाडांवर आणि उडताना दिसले, कड्यावरची झुंड नाही. पाणमांजरांचं अख्खं कुटुंब मात्र त्याला होडीतून बराच वेळ बघायला मिळालं. तो कडा त्याच्या बाबांबरोबर पुन्हा कधीतरी. त्या फेरीसाठी आत्ताच माझं मत विचाराल तर नदीने वरचाच लॉज घ्या म्हणेन, कारण तेव्हा प्रवासी वेगळे असतील.

तक्रार राहिली ती माचू पिचूच्या पायथ्याच्या हॉटेलची. खोली रुळांच्या बाजूला निघाली. आगगाडी तिथे भर वस्तीतून जाते, आणि मागे नदीचा घोष रात्रभर. ताईने पुढे जाणाऱ्यांसाठी एक ओळ लिहून पाठवली आहे: तिथे खोली मागताना रुळांपासून लांबची मागा, आणि बुकिंग पक्कं करण्याआधी तसं लेखी उत्तर घ्या.